मदत हवी आहे: रॅलीचं ॲडमिट कार्ड आलं, आधारवरचं नाव जुळत नाही

मोहोळचा_गडी
सैन्याच्या अग्निवीर भरतीची सीईई (लेखी परीक्षा) पास झालोय, रॅलीचं (मैदानी चाचणी, मेडिकल) ॲडमिट कार्ड पण आलंय. कागदं गोळा करायला बसलो तर आधारवरचं नाव जुळेना. ओळखीतला एक जण म्हणतोय, सगळं करून देतो, भरती ऑफिसात माणूस आहे, फक्त ओरिजिनल दे. द्यावीत का? पळायला पण थोडं कमी पडतंय. लवकर सांगा, वेळ नाही.

सेतू_सात_रस्ता
नाव जुळत नाही म्हणजे नेमकं काय? स्वतःचं, वडिलांचं, का आडनाव मागंपुढं झालंय? जन्मतारीख जुळते का? अर्जात काय टाकलंस? रॅली किती दिवसांवर आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

निवृत्त_सुभेदार
बाकीचं नंतर. ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नको. भरती कार्यालयाचा बाहेर कुणी माणूस नसतो. तुझा जो काही अधिकृत खर्च होता तो अर्जाची अडीचशे रुपये फी, ती भरून झाली.

तात्या_अक्कलकोट
अग्निवीर म्हणजे चार वर्षांनी परत घरी. पंचवीस टक्केच आत राहतात. त्यापेक्षा पोलीस भरती बघ. एसआरपीचा (राज्य राखीव पोलीस) गट क्रमांक १० आपल्याच सोरेगावला आहे.

कुमठा_नाका_रनर
तात्या, पोरगं काय विचारतंय आणि तुम्ही काय सांगता! एसआरपीला पाच किलोमीटर पळावं लागतं, ही तयारी वेगळी आणि ती वेगळी.

मोहोळचा_गडी
वडिलांचं नाव मार्कशीटवर बाळासाहेब आहे, आधारवर बाळू. अर्ज मार्कशीटप्रमाणे भरला. रॅलीला वेळ आहे अजून थोडा. पद जीडी (जनरल ड्युटी).

सेतू_सात_रस्ता
मग मार्कशीटला हात लावू नको, आधार दुरुस्त कर. दहावीचं नाव हे मूळ, बाकी सगळं त्याच्याकडं यायला पाहिजे. पुष्कळ पोरं उलटं करतात, बोर्डाकडं अर्ज टाकतात आणि अडकून बसतात.

आधारवर मधलं नाव बदललं तरी तो नावातलाच बदल धरतात, आणि नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळं स्पेलिंग मार्कशीटवर जसं आहे तसंच, एकेक अक्षर जुळवून घाल. 'बाळासाहेब'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमीजास्त झालं तर ती संधी वाया. ऑपरेटरनं टाइप केल्यावर सही करायच्या आधी स्क्रीन स्वतः वाचायची. पुरावा म्हणून पॅन चालतं, पण पॅनवर नाव बरोबर असेल तरच. पावती सांभाळ, तिच्यावरच्या नंबरवरून स्थिती कळते. बदल कधी चार दिवसांत दिसतो, कधी महिना जातो.

आणि पंधरा वर्षांचा झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे नवीन दिले होतेस का? पाच आणि पंधरा, दोन्ही वयांत द्यायचे असतात. दिले नसतील तर रॅलीत ठसा जुळवताना मशीन नाव सोड, माणूसच ओळखत नाही. त्याच फेरीत ते पण करून घे. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलाय का ते पण बघ.

मोहोळचा_गडी
ठसे दिलेले नाहीत. पण महिना लागला तर काय? तो माणूस आठ दिवसांत म्हणतोय.

निवृत्त_सुभेदार
तो आधारचा सर्व्हर घरी घेऊन बसलाय का? बदल वेळेत आला नाही तर पावती आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही जवळ ठेव. "बाळासाहेब व बाळू ही एकाच व्यक्तीची नावं आहेत" असं वडिलांच्या सहीनं, नोटरीसमोर, इंग्रजीत. ग्राह्य धरायचं का नाही हे तिथला अधिकारी ठरवतो, म्हणून खरा भर दुरुस्तीवरच दे. आजच जा.

या दलालांचा धंदा कसा चालतो ते समजून घे, म्हणजे मोह होणार नाही. वीस पोरांकडून "काम नाही झालं तर पैसे परत" म्हणून उचल घ्यायची आणि काहीच करायचं नाही. त्यातली चार-पाच आपल्या पायांवर पास होतात, त्यांचे पैसे खिशात. उरलेल्यांना निम्मेशिम्मे परत, तेही रखडवत. पास झालेला पोरगा पैसे बुडवील म्हणून आधीच मार्कशीट आणि कोरा चेक ताब्यात ठेवतात. कागदपत्र तपासणीच्या दिवशी तुझी मार्कशीट त्याच्या कपाटात असली तर तू बाहेर. कोण आहे ते भरती कार्यालयाला आणि पोलिसांना लेखी कळव.

जुळे_सोलापूर_३
सगळेच तसे नसतात, काही अकादमीवाले फॉर्म, कागदं नीट करून देतात.

निवृत्त_सुभेदार
फॉर्म भरायचे शंभर-दोनशे घेणारा वेगळा, आणि "आत सेटिंग आहे" म्हणणारा वेगळा. दुसऱ्याबद्दल बोलतोय मी.

कुमठा_नाका_रनर
पळण्यात कमी पडतंय म्हणजे किती? १६०० मीटरचा टायमिंग सांग. बीम (पुल-अप) किती निघतात? उंची?

मोहोळचा_गडी
५:५० च्या आसपास. बीम सात. उंची १६८ आहे.

कुमठा_नाका_रनर
मग आधी बीम धर. २०२५ पासून धावण्याचे चार गट आहेत: ५:३० पर्यंत ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८, ६:०० पर्यंत ३६, ६:१५ पर्यंत २४. बीमला दहाला ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. आज तुझे ३६ आणि २१, म्हणजे ५७. धावण्यात पाच सेकंद कमी केलेस तर बारा गुण वाढतात, तीन बीम वाढवलेस तर एकोणीस. दोन्ही जमलं तर ८८. जीडीच्या मेरिटमध्ये याला किंमत आहे.

बीम एका दमात मरेपर्यंत मारू नको. सात निघतात ना, मग चार-चारचे सेट, दिवसातून पाच-सहा वेळा, मधे तासाभराचं अंतर. हात पूर्ण सरळ सोडायचा, हनुवटी बारच्या वर. पाय झटकून काढलेला बीम मोजत नाहीत. सोलापुरातली निम्मी पोरं तिथंच गळतात. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्सला (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) गुण नाहीत, पण पार करावेच लागतात.

धावायला रोज पाच किलोमीटर रेमटवण्यात अर्थ नाही.

जुळे_सोलापूर_३
पाच किलोमीटरशिवाय स्टॅमिना येत नाही. सगळ्या अकादम्या तेच घेतात.

कुमठा_नाका_रनर
सहा महिने हातात असतील तर घ्या. याच्याकडं पाया आहे, वेग नाही. ५:३० म्हणजे ४०० ची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. ती लय पायात बसायला फेऱ्याच मारल्या पाहिजेत: ४०० च्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ८० सेकंदांत, मधे दीड मिनिट चाल. आठवड्यातून दोनदाच, मधल्या दिवशी हलकं पळणं. पहिली फेरी ७२ नं काढली तर सहावी ९५ वर जाते, आणि रॅलीत नेमकं हेच होतं. बॅच सुटली की शंभर मीटर ढकलाढकली, सगळे उधळतात, तिसऱ्या फेरीला पाय जड. बाहेरच्या बाजूनं सुट, दीडशे मीटरनंतर आत ये.

विजापूर रोडवर डांबरावर पळू नको, नडगी दुखायला लागते आणि ती महिनाभर जात नाही. मातीचं मैदान बघ. उन्हाळ्यात आपल्याकडं आठ वाजता चटका बसतो, सहाच्या आत संपव. शेवटचे चार दिवस फक्त हलकं.

तात्या_अक्कलकोट
पळायच्या आधी एनर्जी ड्रिंक घे, लै फरक पडतो.

निवृत्त_सुभेदार
काय सांगता बे तात्या! त्यानं नाडी चढते. मेडिकलला नाडी शंभरच्या वर राहिली की टॅकिकार्डिया म्हणून लिहितात. वेदनाशामक इंजेक्शन तर अजिबात नको. ग्राउंडच्या आधी रात्री भात-वरण, सकाळी दोन केळी, पाणी थोडं थोडं. शेंगाचटणी-भाकरी घरी आल्यावर.

उंची १६८ बरोबर काठावर आहे. कुठं मोजलीस? अनवाणी, भिंतीला टाच लावून मोज. सकाळची उंची संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरते. छाती ७७ आणि फुगवून पाच जास्त. वडील माजी सैनिक असतील तर उंचीत दोन सेंटिमीटर सूट आहे, त्याला नातेसंबंधाचा दाखला लागतो.

मेडिकलचं आत्ताच बघून घे. कानात मळ असला तर पडदा दिसत नाही आणि तात्पुरतं अनफिट करतात. काडी घालू नको. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून थेंब घेऊन मऊ करून काढून घे. गुडघे जुळवून उभा राहिलास की घोट्यांमधलं अंतर पाच सेंटिमीटरच्या आत पाहिजे. टॅटू आहे का? हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट, किंवा तळहाताच्या मागं, एवढंच चालतं. अनफिट केलं तर घाबरून घरी येऊ नको. चिठ्ठीवर लष्करी रुग्णालय आणि मुदत असते, तिथं फेरतपासणी मागायची.

मोहोळचा_गडी
टॅटू नाही. उंची चप्पल घालून मोजली होती 😬 उद्या बघतो. अविवाहित दाखला आणि चारित्र्य कुठून घेऊ? मी सोलापुरात रूमवर राहतो.

सेतू_सात_रस्ता
कायमचा पत्ता मोहोळ तालुक्यातल्या गावाचा ना? मग दोन्ही दाखले तुझ्या ग्रामपंचायतीचे, सरपंचाच्या सहीनं, इंग्रजीत, लेटरहेडवर. जावक क्रमांक, तारीख आणि फोटोवर अर्धा येईल असा गोल शिक्का. सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. पोलीस पडताळणीचा ऑनलाइन अर्ज टाकताना सोलापूर ग्रामीण निवड, शहर आयुक्तालय नाही. रूमचा पत्ता बघून पोरं शहर टाकतात आणि अर्ज परत येतो.

डोमिसाईल आपले सरकारवर टाक, पंधरा दिवस धर. जातीच्या दाखल्यावर धर्म लिहिलेला नसेल तर तहसीलदाराचा वेगळा दाखला लागतो.

रॅलीचं प्रतिज्ञापत्र नोटिफिकेशनमधल्या नमुन्यातच करायचं. तिथं दहाचा स्टॅम्प लिहिलाय.

जुळे_सोलापूर_३
दहाचा स्टॅम्प कुठं मिळतो आता? व्हेंडर पाचशेचाच देतोय.

सेतू_सात_रस्ता
मग पाचशेचा घ्यायचा. जास्तीच्या स्टॅम्पला कुणी नाही म्हणत नाही, कमीच्याला म्हणतात. मजकूर मात्र नमुन्यातलाच, नोटरीच्या कॉम्प्युटरमधला तयार मसुदा नको.

मोहोळचा_गडी
आधारची अपॉइंटमेंट घेतली. त्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. फोटो किती लागतील? गावच्या जत्रेतले आहेत, ते चालतील का?

निवृत्त_सुभेदार
वीस. पांढरी पार्श्वभूमी, तीन महिन्यांच्या आतले, एकाच प्रिंटचे. कपाळावर गुलाल असलेले नकोत.