चंबळमध्ये नावेतून घडियालांचे फोटो: २५० ची लेन्स पुरेल का?

लष्करवाला
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो. डिसेंबरात बाबांना घेऊन चंबळ नदीवरच्या राजघाटला जायचं चाललंय, नावेतून घडियाल (लांब, निमुळत्या तोंडाची मगर) बघायला. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स ५५-२५० मिमी. मित्र म्हणतो १५०-६०० भाड्याने घे, नाहीतर घडियालाऐवजी काळं लाकूड दिसेल. ट्रायपॉड न्यायचा का? आणि पहाटे किती वाजता पोचावं?

चंबळवाली
पहाटेचं डोक्यातून काढा, ती वाघाची वेळ. घडियालाचं अंग उन्हावर तापतं. डिसेंबरात त्या बाजूला सकाळी धुकं असतं, ते विरून ऊन चढलं की मग हे महाशय वाळूवर येऊन पसरतात. आरामात नाश्ता करून निघा. पण दुपार होऊ देऊ नका. वाळू तापली की वरची हवा थरथरते आणि लांबचा फोटो मऊ येतो, मग लेन्स दोन लाखांची का असेना.

२५० चालेल. क्रॉपवर ती जवळपास ४०० सारखी पडते. अंतर कमी करायचं काम लेन्सचं नाही, नाववाल्याचं. बसतानाच त्याला सांगायचं, "भैया, दूर से ही इंजन बंद कर देना, सीधे मत जाना." तिरकी, वाहत वाहत जाणारी नाव घडियाल खपवून घेतो. समोरून आलात तर सरळ पाण्यात. ट्रायपॉड घरी ठेवा, इंजिनाची थरथर त्यातूनच वर चढते. कॅमेरा हातात धरा, शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको.

आता मुख्य गोष्ट, जी कुणी सांगत नाही: उभं राहून काढू नका. नावेत जितकं खाली बसता येईल तितकं बसा, मात्र काठावर रेलू नका. वरून काढलं की खरंच लाकूड दिसतं. डोळ्याच्या रेषेत आलात की नराच्या नाकाच्या टोकावरचा तो घडा (मडक्यासारखा गोळा) उठून दिसतो, जबड्याबाहेर डोकावणारे बारीक दात दिसतात (शंभरावर असतात), पाठीवरून ओघळणारं पाणीसुद्धा येतं. पांढऱ्या वाळूमुळे कॅमेरा फसतो आणि जनावर काळं करतो, एक्स्पोजर (उजेड) +०.७ वाढवा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

पक्षीवेडा
ताईंशी सहमत, एक सोडून. लेन्स पुरेल ती घडियालापुरती. पाणचिरा पक्षी हवा असेल तर २५० तोकडीच. खालची चोच वरच्यापेक्षा लांब, ती पाण्यात बुडवून उडत जातो, फोटो मिळाला तर सोनं. पण त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी जा. मार्च ते मे वाळूच्या बेटांवर त्यांची अंडी असतात, वाळूच्याच रंगाची, म्हणून बेटावर पाय ठेवायचा नाही, नाववाला "चलो, उतर के ले लो" म्हणाला तरी. डिसेंबरात चक्रवाक मिळतील, तेही काही कमी नाहीत.

मुसाफिर
एवढं करण्यापेक्षा कूनो राष्ट्रीय उद्यानात जा की, चित्ते आहेत.

चंबळवाली
जरूर जा. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ आले तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला की हेच सुचवतो. पण तिथं चित्ता दिसलाच तर दिसला, आणि बाबांना दिवसभर जीपमध्ये हादरे. इथं हिवाळ्यात घडियाल चुकणं कठीण, जगात सर्वात जास्त चंबळमध्येच आहेत.

लष्करवाला
ताई, धन्यवाद. लेन्सचे पैसे वाचले. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, नावेत चढायला जमेल ना?

चंबळवाली
काठावर चिखल असतो, हात धरून न्या. लाइफ जॅकेट घालायला लावा, नको म्हणतील. उशी न्या, बाकडं लाकडी. जाता-येता मुरैनाजवळ देवरीचं घडियाल केंद्र लागतं, अंड्यातून निघालेली पिल्लं तिथं टाक्यांत वाढवून नदीत सोडतात. बाबांना ते चालत बघता येईल. आणि गजक (तीळ-गुळाची मिठाई) मुरैनातूनच घ्या, ग्वाल्हेरला येऊन घेऊ म्हणाल तर आमच्या घरी वाद होतो.