किर्शनरच्या 'पोट्सडामर प्लाट्झ'मध्ये आरोपी कोण?

तिरपागडा :
बर्लिनच्या नॉय नाट्सिओनालगॅलरीत जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं 'पोट्सडामर प्लाट्झ' (१९१४) पाहून आलो. दोन मीटर उंच कॅनव्हास. बर्लिनमधला याच नावाचा चौक, मध्यरात्रीचा, मागे लाल स्टेशन, रस्ता चक्क विषारी हिरवा. पुढे वाहतुकीच्या गोल बेटावर दोन वेश्या, जवळजवळ आपल्याएवढ्याच उंच. एकीच्या चेहऱ्यावर विधवेची काळी जाळी. महायुद्ध नुकतंच पेटलं होतं, आणि पोलिसांचा ससेमिरा चुकवायला या बायका युद्धविधवांचा वेश घ्यायच्या असं सांगतात. म्हणजे शोकसुद्धा धंद्याला लावला! शहर माणसाचा माल करतं, हे इतक्या रोखठोकपणे रंगवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तुमची मतं येऊ द्या.

उसाचा_रस :
येऊ देतो, पण आवडणार नाहीत. शहर वाईट, हे आपलं जुनं दुखणं तुम्ही जर्मन चित्राला चिकटवताय. किर्शनर १९११ साली ड्रेस्डेन सोडून बर्लिनला आला, तो काय शहराच्या नावानं बोटं मोडायला? त्या रेषांचा वेग बघा. घाबरलेल्या माणसाचा हात असा पळत नाही. आणि युद्धाचं म्हणाल तर रस्त्यांची चित्रं त्यानं १९१३ पासूनच चालू केली होती. त्यातही हेच टोकदार चेहरे, त्याच पिसांच्या टोप्या. ती जाळी काढून घेतली तर तुमच्या भाष्यात उरतं काय?

मावशीबोली :
@उसाचा_रस, घाबरलेल्याचाच हात पळतो हो. परीक्षेतली शेवटची दहा मिनिटं आठवा.
पण मला दोघांचंही पटत नाही. मुद्दा शहराचा नाहीच. चेहरे उसने घेतले ते एर्ना आणि गेर्डा शिलिंग या बहिणींचे. एर्ना तर त्याची आयुष्यभराची जोडीदार. घरातल्या बाईला रस्त्यावर उभं करायचं, तेही ताटलीएवढ्या बेटावर, दुकानातल्या केकसारखं, आणि वर ते समाजावरचं भाष्य! बघणारे पुरुष मात्र लांब, काळे, बिनचेहऱ्याचे, कर्कटकासारखे पाय फाकून. गिऱ्हाईक सुटलं ना?

तिरपागडा :
बिनचेहऱ्याचे, हीच तर त्यांची शिक्षा. बायकांना निदान चेहरा आहे.

मावशीबोली :
चेहरा आहे म्हणूनच पोलीस त्यांना धरायचे.

उसाचा_रस :
हे मात्र लागलं. तरी एक. टीकाच हवी तर दुसरा जर्मन चित्रकार जॉर्ज ग्रॉस बघा. त्याचे धनदांडगे सरळ डुकरासारखे दिसतात, कोणाला शिव्या घालायच्या ते चित्रातच ठरलेलं. किर्शनर कोणाकडे बोट दाखवत नाही, म्हणून तर आपण इथे भांडतोय. बाकी १९३७ मध्ये नाझींनी म्युझियममधली त्याची सहाशेहून जास्त कामं 'विकृत कला' म्हणून उचलली. त्यांना त्यात समाज दिसला की नुसती वेडीवाकडी माणसं, देव जाणे.

तिरपागडा :
पोस्टकार्ड आणलंय, तेच समोर ठेवून बसलोय. मावशी, एक कबूल करतो. तिथे चांगला वीस मिनिटं उभा होतो आणि पुरुष मात्र आत्ता नीट बघतोय. एकाचा पाय फुटपाथवरून रस्त्यावर पडतोय. तो बेटाकडे येतोय की नुसता पलीकडे चाललाय, काही सांगता येत नाही.