ड्रोन स्वदेशी, पण आतली मोटर कुणाची?

गडवाट:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारतो. ऑपरेशन सिंदूरनंतर जो तो ड्रोनवर बोलतोय, टीव्हीवर स्वदेशीचा गजर, व्हॉट्सअॅपवर नागपूरच्या नागास्त्रचे (टार्गेटवर जाऊन स्वतःच फुटणारा ड्रोन) फोटो फिरतायत, आणि दुसरीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानेच ४०० ड्रोनची कंत्राटं रद्द केली कारण आत चिनी पार्ट निघाले. आणि हे ड्रोन चीनच्या सीमेवर वापरायचे होते! ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले असं आपल्याच अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं. उद्या ३ हजार आले तर? मला एवढंच कळून घ्यायचंय की आपण ड्रोन बनवतो की नुसते जोडतो. पक्षाचे झेंडे बाजूला ठेवून सांगा प्लीज.

रानवारा:
बहुतेक ठिकाणी जोडतोच. मी नाशिककडे फवारणीच्या ड्रोनच्या असेंब्लीत काम करतो, लष्कराचे ड्रोन वेगळे आहेत मान्य, पण पार्टचा बाजार बराचसा एकच आहे. आमच्याकडे फ्रेम इथली, टाकी इथली, वायरिंग इथलं. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), बॅटरीचे सेल हे सगळं खोक्यातून येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने तयार ड्रोनची आयात बंद केली ते चांगलंच झालं, पण पार्टची आयात चालू राहिली, मग काय, लोकांनी आख्ख्या ड्रोनऐवजी पार्ट मागवले आणि वर आपलं स्टिकर लावलं.

आता मोटरचं सांगतो. सुटी मोटर हातात घेऊन हळू फिरवली की बोटाला अडखळल्यासारखे बारीक बारीक झटके लागतात, ते आतल्या चुंबकांमुळे. वाइंडिंग आपल्याकडे होतं, बेल म्हणजे मोटरचं फिरणारं बाहेरचं कवच मिळतं, शाफ्ट मिळतो, अडतं त्या चुंबकापाशी. निओडिमियमचं चुंबक, आणि जगातली जवळपास ९० टक्के चुंबकं चीन बनवतो. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी काही रेअर अर्थ (निओडिमियमच्या जातकुळीतले धातू) आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला लायसन्स लावलं तर जुलैपर्यंत पुण्याच्या बजाजवर चेतक इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन थांबायची वेळ आली होती. स्कूटर महिनाभर उशिरा आली तर गिऱ्हाईक थांबेल हो, लढाई थांबेल का?

तोफखाना_निवृत्त:
रानवारा यांचं पार्टबद्दल पटतं पण त्या रात्रीचं चित्र लोक उगाच काळं रंगवतात त्याचा मला त्रास होतो. मी एअर डिफेन्समध्ये नोकरी केलीये. ते ड्रोन पाडले कशाने? मोठा वाटा एल-७० आणि शिल्का या विमानविरोधी तोफांचा. एल-७० चं मूळ डिझाइन बोफोर्सचं, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचचं, पण आपण तिला नवीन रडार आणि कॅमेरे बसवले, आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या कंट्रोल सिस्टिमने सगळ्यांना एकाच चित्रावर आणलं. स्वस्त ड्रोनवर महागडं मिसाइल फुकट घालवायचं नसतं, तिथे गोळाच लागतो. हे काम आपल्या पोरांनी चोख केलं.

नागास्त्रचंही नीट सांगा लोकांना. ९ किलोच्या आसपास वजन, जवान पाठीवर नेतो, स्वतःहून ३० किलोमीटरपर्यंत जातं, टार्गेट नाही सापडलं तर पॅराशूटने परत येतं. ७५ टक्क्यांच्या वर स्वदेशी. जून २०२४ मध्ये पहिले १२० मिळाले. माझी तक्रार आकड्याची आहे. पहिली ऑर्डर ४८० ची, आणि युक्रेनचे कारखाने वर्षाला लाखांनी ड्रोन काढतायत. २०२५ च्या कारगिल विजय दिनी लष्करप्रमुखांनी इन्फंट्री बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून आणायची घोषणा केली, त्या प्लाटूनला सराव करायला, पाडायला, मोडायला ड्रोन किती लागतील याचा हिशोब करा म्हणजे ४८० किती कमी आहेत ते कळेल.

मधला_बाक:
जुलै २०२५ अखेर संसदेत सिंदूरवर चर्चा झाली. सत्ताधारी श्रेय घेण्यात दंग, विरोधकांचा जोर विमानं किती पडली आणि ट्रम्पने युद्ध थांबवलं का यावर. ते प्रश्न विचारायलाच हवेत, पण चुंबक आणि चिप यावर तेवढ्याच पोटतिडकीने बोलायला काय हरकत होती? त्याच महिन्यात तेव्हाचे सीडीएस (तिन्ही दलांचे प्रमुख) जनरल चौहान यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की मोक्याच्या टेक्नॉलॉजीसाठी बाहेरच्यांवर विसंबून चालणार नाही. सरकारने २०२१ मध्ये ड्रोनच्या पीएलआयला (उत्पादनावर अनुदान देणारी योजना) ठेवले १२० कोटी, तेही तीन वर्षांत मिळून. चुंबकांसाठीची ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये, चीनने नाक दाबल्यावर. पैसे दिले हे चांगलंच, पण तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवय दोन्ही बाजूंच्या सरकारांची आहे आणि ती मला संतापजनक वाटते.

आणि खरी मेख एल-वनची आहे. सगळ्यात कमी भाव भरेल त्याला टेंडर, मग इथे मोटर बनवणारा चिनी मोटरवाल्याच्या भावापुढे टिकणार कसा?

गडवाट:
सगळ्यांचे आभार. तोफखाना साहेब, त्या रात्रीच्या कामगिरीबद्दल शंका नव्हती हो, सलामच आहे. आमच्या खासदारांना पत्र लिहायचं ठरवलंय. नेमकं काय विचारू म्हणजे उत्तर टाळता येणार नाही?

रानवारा:
"स्वदेशी किती टक्के" असं विचारू नका, टक्के किमतीवर निघतात, फ्रेम आणि टाकीतही भरून निघतात. असं विचारा की लष्कराच्या प्रत्येक ड्रोन ऑर्डरमध्ये मोटरचं चुंबक, फ्लाइट कंट्रोलरची चिप आणि बॅटरीचा सेल कुठल्या देशातला, आणि फर्मवेअर (आतल्या चिपमधलं सॉफ्टवेअर) कुणी लिहिलं. पार्ट खोलून तपासणारी लॅब कुठली तेही विचारा, नाहीतर कंपनीने लिहून दिलं की झालं. गोपनीय म्हणतील तर संरक्षणाच्या स्थायी समितीपुढे ठेवा म्हणावं. पत्राचा मसुदा इथे टाका, पार्टची नावं मी तपासून देतो.