मदत हवी आहे: स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी 'निगेटिव्ह' आली तर कितपत विश्वास ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

मायक्रोबायॉलॉजीच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस या कृमीवर वाचतेय. विषय मीच हौसेने मागून घेतला, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही. इथे लॅबमध्ये हयात घालवलेले लोक आहेत म्हणून धागा काढलाय. कोणाच्या आजारपणावर सल्ला नकोय, प्रश्न फक्त निदानाचा आहे.

ज्यांचा या जंताशी परिचय नाही त्यांच्यासाठी: उष्ण, दमट भागातल्या मातीतून अळ्या कातडीवाटे शरीरात शिरतात. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची मादी लहान आतड्याच्या अस्तरात मुक्काम ठोकते आणि नराशिवायच अंडी घालते. अंडी तिथेच फुटतात, म्हणून शौचात सापडते ती अळी. यातल्या काही अळ्या बाहेर पडायच्या आतच पुढच्या अवस्थेत जातात आणि त्याच माणसाच्या आतड्यातून परत आत घुसतात. मातीशी संबंध सुटला तरी संसर्ग चालूच! दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये हा जंत तीस-चाळीस वर्षांनंतरही सापडला आहे.

एरवी तो गप्प असतो. फार तर पोटाच्या बारीकसारीक तक्रारी, किंवा मांडी-कमरेवर तासाभरात काही सेंटीमीटर सरकणारी लाल, खाजरी रेघ. पण दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइड सुरू झाले की चित्र पालटते. अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसांत आणि इतर अवयवांत पसरतात, जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. यातून वाचणारे थोडे. म्हणून स्टेरॉइडच्या आधी 'जंत नाही' असे कोणी लिहून देत असेल तर ते कशाच्या जोरावर, हा माझा मूळ प्रश्न.

शौचाच्या एका साध्या तपासणीत जुना संसर्ग दहापैकी सात वेळा निसटू शकतो असे वाचले. अळ्या थोड्या पडतात आणि रोज पडतातच असे नाही. सलग सात नमुने पाहिले तर जवळजवळ सगळे पकडता येतात म्हणे. पण सात नमुने देणारा रुग्ण कोणी पाहिलाय का? इओसिनोफिल (जंतांच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेले असले तर शंका घ्यावी हे ठीक, पण स्टेरॉइड चालू असताना तेही खाली येतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हा आधार जातो.

राहिली एलायझा, म्हणजे जंताविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी रक्तात शोधणारी चाचणी. संवेदनशील आहे, पण फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या कुळातल्या) जंतांशी तिची गल्लत होते आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. जंताचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआरकडून मला फार आशा होती. प्रत्यक्षात नमुन्यात अळीच नसेल तर डीएनए कुठून येणार?

तर बेअरमन (शौचातल्या जिवंत अळ्या कोमट पाण्यात उतरवून पाहणे), अगार प्लेट (शौच अगारच्या थरावर ठेवून अळ्यांचे माग पाहणे), एलायझा यांचा क्रम तुम्ही कसा लावाल? आणि अंकुशकृमी (हूकवर्म) या आतड्यातल्या दुसऱ्या जंताची अळी वेगळी कशी ओळखायची? चित्रांत दोन्ही सारख्याच दिसतात.

काचपट्टी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ताज्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी दिसतात, अळी नाही. नमुना दिवसभर उबेत पडून राहिला तर ती फुटतात आणि मग घोळ होतो. अशा वेळी अळीचे तोंड बघा. स्ट्राँगिलॉइडिसची तोंडापासूनची पोकळी अगदी आखूड, अंकुशकृमीची लांब. शरीराच्या मध्याजवळ जननेंद्रियाचा अंकुर स्ट्राँगिलॉइडिसमध्ये ठळक असतो, दुसऱ्यात शोधावा लागतो. आयोडीनचा थेंब टाका, अळी स्थिर होते आणि हे नीट दिसते. पुढच्या, कातडीत शिरणाऱ्या अवस्थेत शेपटी पाहायची: स्ट्राँगिलॉइडिसची टोकाला खाच असलेली, अंकुशकृमीची टोकदार.

बेअरमन आणि अगार, दोन्हींना जिवंत अळी लागते. नमुना फ्रिजमध्ये ठेवला किंवा फॉर्मॅलिनमध्ये आला की खेळ संपला. रिपोर्टवर 'निगेटिव्ह' वाचण्याआधी नमुना कसा आला होता ते विचारा. अगारवर अळी सरपटते तेव्हा मागे जिवाणूंच्या वसाहतींची नागमोडी रांग उमटते. प्लेट दोन-तीन दिवस रोज बघायची, सीलबंद, आणि हातमोजे घालूनच. त्या अळ्या तुमच्या कातडीतूनही शिरू शकतात.

तापमापी:
क्रमाबद्दल माझे मत: ज्याला संसर्गाचा संभव आहे त्याची एलायझा आधी, सोबत निदान तीन ताज्या नमुन्यांवर बेअरमन किंवा अगार. अळी दिसली तर विषय मिटला. काहीच दिसले नाही तर 'आढळली नाही' एवढेच लिहावे, 'नाही' लिहू नये. स्टेरॉइड तातडीने द्यायचे असेल आणि पूर्वेतिहास संशयास्पद असेल तर अनेक डॉक्टर निकालाची वाट न पाहता आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक देतात. फक्त रुग्ण मध्य आफ्रिकेतल्या लोआ लोआ या फायलेरिया-जंताच्या पट्ट्यात राहिलेला असेल तर आधी दुपारचे रक्त तपासायचे. रक्तात लोआच्या मायक्रोफायलेरिया (सूक्ष्म अळ्या) खूप असताना हे औषध दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. हा मुद्दा प्रकल्पात जरूर घ्या, परीक्षक विचारतातच.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. 'आढळली नाही' हे उचलतेय. एक शंका उरली: उपचारानंतर जंत गेला हे एलायझावर ठरवता येते का?

तापमापी:
लगेच नाही. अँटिबॉडी हळूहळू उतरतात, सहा महिने ते वर्षभराने पुन्हा मोजून पहिल्या आकड्याशी ताडून बघतात. म्हणून उपचाराआधीचा सीरमचा नमुना जपून ठेवा आणि शक्यतो दोन्ही एकाच वेळी, एकाच किटवर चालवा.