गडचिरोलीच्या जंगलात एमपी५ एसडीचं काय काम?

संत्राबाग_वरूड
काल पारावर दोन पोरांची जुंपली. विषय काय, तर सी-६० च्या, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी तुकडीच्या जवानांना सायलेन्सरवाली एमपी५ एसडी द्यावी का. एक म्हणे, आवाजच नाही तर नक्षल्याला कळणार कसं? तिथे मी चहा पीत गप्प बसलो, इथे बोलतो.

माझं मत: नको. हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीनं १९७४ साली ही बंदूक काढली. डोकं झकास लावलंय, त्यात वाद नाही. नळीला बुडाकडे ३० भोकं पाडलीत. गोळी पुढे सरकते तसा मागचा गॅस त्या भोकांतून भोवतीच्या डब्यात निसटतो. मग एरवी सेकंदाला ४०० मीटरच्या घरात पळणारी साधी ९ मिमीची गोळी २८५ वर येते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खाली. त्यामुळे हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका होत नाही. वेगळा दारूगोळा लागत नाही, हीच तिची खुबी.

पण तिथेच ती मारही खाते. ८ ग्रॅमची गोळी धरा. ४०० च्या वेगाला तिची ऊर्जा ६४० ज्यूल, २८५ ला जेमतेम सव्वातीनशे. एके-४७ ची गोळी २००० च्या आसपास घेऊन निघते. समोरून एके चालत असताना हातात हे? १९८० साली लंडनच्या इराणी वकिलातीत एसएएस या ब्रिटिश कमांडो दलानं एमपी५ गाजवली, पण ती खोल्या-जिन्यांतली कारवाई. आपल्याकडे भामरागडचं दाट जंगल आहे.

फौजी_बुवा
हिशेब बरोबर, निकाल चूक.

मी पायदळातून निवृत्त. एमपी५ आम्हाला नव्हती; कानपूरची सायलेन्सरवाली कार्बाइन होती, ब्रिटिश स्टर्लिंगची बहीण. स्टर्लिंगच्या त्या नमुन्याच्या नळीला तर ७२ भोकं. रेंजवर पहिल्यांदा घोडा दाबला तेव्हा धमाका असा झालाच नाही. ऐकू आला तो बोल्टचा, म्हणजे आतल्या सरकत्या लोखंडी ठोकळ्याचा खटाक्, आणि मग पलीकडे निशाण्यामागच्या मातीच्या बांधावर गोळी बसल्याचा थप्. कणकेचा गोळा परातीत टाकावा तसा. बोल्ट मागून सुटून पुढे आपटतो, त्याला सायलेन्सर काय करणार? एमपी५ मध्ये गोळी सुटताना बोल्ट आधीच बंद असतो, म्हणून नेम सरस. पण 'फुस' फक्त सिनेमात.

आता मुद्दा. सायलेन्सर आवाज मारायला नसतोच, दिशा मारायला असतो. काहीतरी वाजलं हे समोरच्याला कळतं. कुठून, ते कळत नाही. आणि तुम्ही भामरागड म्हणता, तर बांबूच्या बेटात तीस पावलांपलीकडचं दिसतं का? तेवढ्या अंतरावर सव्वातीनशे ज्यूल पुरेसे होतात. शिवाय फायरिंग चालू असताना शेजारच्याची हाक ऐकू येते. माझा डावा कान रायफलींनी गेला. घरी म्हणतात, सोंग करतो.

संत्राबाग_वरूड
बुवा, कानाचं पटलं. बाकी नाही. तीन-तीन दिवस पाठीवर शिधा घेऊन चालणाऱ्या तुकडीत तीन किलोची ही वेगळी बंदूक कोण वागवणार? आपली रायफल ठेवून? म्हणजे ऐन चकमकीत एक रायफल कमी. आणि तुमचा तो डाव्या कानाचा प्रश्न रायफलीच्या तोंडाला सायलेन्सर बसवूनही सुटतो. कडाका राहील, पण धमाका आणि जाळ दबेल. एनएसजीच्या नि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी एमपी५ वापरावी, त्यांना विमानात नि जहाजात शिरायचं असतं.

कापूसकोंड्या
येक शंका. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ ले जाते. गरम हवेत आवाज जोरात पळते म्हनतात. मंग उन्हाळ्यात हे बंदूक जास्त गपचूप चालन का?

फौजी_बुवा
शंका हुशार आहे. ४५ अंशाला आवाज सेकंदाला ३५८ मीटर, थंडीत १० अंशाला ३३७. गोळी २८५. दोन्हीकडे खालीच, त्यामुळे फरक शून्य. बंदूक बनवणाऱ्यांनी गोळी आवाजाच्या वेगापेक्षा एवढी मंद ठेवलीय ती याचसाठी असावी.

संत्राबाग, तुकडीत सगळ्यांना द्या असं मी म्हटलंच नाही. एक. रात्री दबा धरून बसलेल्या तुकडीत एक. कुत्रं भुंकलं, पहारेकरी वळला, अशा वेळी एके वाजवली की सगळा डोंगर जागा होतो. हे प्रसंग क्वचित येतात म्हणता? येतात क्वचितच. दोरखंडही रोज लागत नाही, तरी नेतोच ना.

संत्राबाग_वरूड
दोरखंड एवढा जड नसतो बुवा. आणि त्याला वेगळी मॅगझीन, वेगळे राउंड लागत नाहीत. एकेची गोळी तिच्यात चालत नाही, शेजाऱ्याकडून उसनी मिळायची सोय नाही. मला हे सगळ्यांत मोठं वाटतं.

फौजी_बुवा
राउंडचा मुद्दा खरा आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एक बंदूक तरी असावी, यावर मात्र मी ठाम.

रोही_त्रस्त
तुमचं होऊ द्या भाऊ, पन आमचं काय? रोह्यांनी, म्हंजे नीलगायींनी तूर खाल्ली, डुकरांनी मका लोळवला. मचानावर बसून बसून कंबर गेली. आमाले द्यान का असली येखादी?

संत्राबाग_वरूड
ऑटोमॅटिक हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्यानं निषिद्ध आहे दादा. मागायला गेलास तर तूच आत जाशील, रोही बाहेर.

रोही_त्रस्त
जाऊ द्या मंग. तसंबी डुकराले पळवाले आवाजच लागते. बिनआवाजाची बंदूक घेऊन मी काय त्याच्या कानात सांगू, बाबा जाय म्हनून? डबा बडवतो मी आपला.