मदत हवी आहे: भिवापुरी मिरची श्रीलंकेला पाठवायची आहे

नमस्कार भाऊ लोकहो, आम्ही भिवापूर तालुक्यातले शेतकरी, आमचा छोटा गट आहे. जीआय टॅगवाली (म्हणजे आमच्याच भागाची म्हणून सरकारदरबारी नोंदलेली) मिरची आहे आमची पण भाव व्यापारी सांगन तोच. श्रीलंका वाळली मिरची मोठ्या प्रमाणात भारतातूनच घेते म्हणून थेट माल पाठवायचं डोक्यात घेतलं, आयईसी नंबर (आयात-निर्यातीसाठी लागते तो) काढला, स्पाइसेस बोर्डाच्या (मसाल्याच्या निर्यातीचं सरकारी मंडळ) रजिस्ट्रेशनचे कागद जमा करून राहिलो.

आता अडलं कुठं तर तिथल्या आयात ड्यूटीत. दोन्ही देशांचा मुक्त व्यापार करार १९९८ ला झाला, १ मार्च २००० पासून लागू आहे, एवढं वाचलं. पण श्रीलंकेची एक निगेटिव्ह लिस्ट आहे, त्यातल्या मालाला सवलत नाही मिळत, तर अख्खी वाळली मिरची त्यात येते का आणि पावडर केली तर कस्टमचा वेगळा कोड लागते का? एका एजंटनं आधी पैसे घेतले मंग फोनच उचलणं बंद केलं, गटातल्या बायांच्या बचतीचे पैसे होते हो ते, लय जीवाला लागलं.

अजून एक, २०२२ मध्ये तिथं डॉलरच संपले होते, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं रुपयात व्यवहाराची सोय काढली, तर कोणी कोलंबोच्या पार्टीकडून खरोखर रुपयात पेमेंट घेतलं आहे का? का एलसीच (बँकेच्या हमीचं लेटर ऑफ क्रेडिट) बरी?

तुतिकोरिन बंदरावरून माल पाठवलेलं कोणी असन तर प्लीज सांगा, मिरचीचा तोडा सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे.