अनोळखी मेल आणि हेडरचं कोडं: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईला एक मेल आला. पाठवणारी म्हणून माझंच नाव. ‘अडचणीत आहे, फोन लागत नाही, लगेच पैसे पाठव.’ तिने आधी मला फोन केला म्हणून निभावलं. तिच्या मोबाइलवर फक्त नाव दिसत होतं. नावावर बोट ठेवल्यावर मागचा पत्ता भलताच निघाला. त्या रात्री जीमेलमधलं ‘शो ओरिजिनल’ उघडून हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची एरवी न दिसणारी नोंद, पाहिली. आकडे, अर्धवट शब्द, ओळीच्या ओळी. काही उमगलं, बरंचसं नाही. तुम्हाला असे मेल आले असतील तर घडलं तसं लिहा. जे फसले त्यांनी तर नक्कीच लिहा, त्यांच्याकडूनच जास्त कळतं.

*

मला माझ्याच पत्त्यावरून धमकी आली होती. ‘तुझा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठव.’ पुरावा म्हणून माझा एक पासवर्ड, आणि तो खरा होता. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. घरात सांगायचं तरी काय? शेवटी भाच्याला दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, ‘फ्रॉम’ सोड, ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी बघ.” मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, टपालाच्या शिक्क्यासारखी. सगळ्यात जुनी ओळ तळाला. हा मेल माझ्या खात्यातून निघालाच नव्हता, बाहेरच्या कुठल्या यंत्राने माझं नाव घालून धाडला होता. पासवर्ड एका जुन्या वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतला असणार. तोच मी आणखी दोन ठिकाणी वापरत होते. त्याच दिवशी बदलले.

*

मावशींच्या अनुभवात भर घालतो. मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे. हेडर तळापासून वर वाचा असं सगळे सांगतात, पण तळाच्या ओळी पाठवणारा स्वतः रचून घालू शकतो. भरवशाची ओळ ती, जी आपल्या सर्व्हरने बाहेरून मेल घेताना लिहिली. तिच्यात समोरच्याने सांगितलेलं नाव असतं, ते खोटं असू शकतं; पण सहसा त्याला लागूनच कंसात आयपी पत्ता (समोरच्या यंत्राचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) असतो, तो आपल्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला. त्याखालचं सगळं ऐकीव.

दुखणं जुनंच आहे. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे, नियम लिहिले गेले तेव्हा पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोय त्यात नव्हती. एसपीएफ (एखाद्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (यांपैकी एक तरी ‘फ्रॉम’मधल्या पत्त्याशी जुळतं का हे पाहणारा नियम) ही पुढे जोडलेली ठिगळं. त्यांचे निकाल ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत ‘पास’ किंवा ‘फेल’ असे दिसतात.

*

‘पास’वर विसंबूनच मी फसलो. नेहमीच्या पुरवठादाराचा मेल, बँक खातं बदलल्याचं कळवणारा. तिन्ही तपासण्या पास. पैसे भरले. नंतर पाहिलं तर डोमेनमधला ‘एम’ हा ‘एम’ नव्हताच; ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. डोमेन चोराने स्वतः घेतलेलं, त्यामुळे पास होणारच. आता खातं बदलल्याचा मेल आला की मी जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करतो, मेलमधल्या नंबरवर नाही.

*

माझं उलट झालं. मुलाखतीचं पत्र स्पॅममध्ये पडलं आणि तारीख निघून गेली. पत्र खरं होतं. ते माझ्या जुन्या पत्त्यावर आलं, तिथून आपोआप पुढे पाठवलं गेलं, आणि पुढे पाठवणारा सर्व्हर एसपीएफच्या यादीत नसल्याने ‘फेल’. डीकिमची सही अशा प्रवासात बहुधा टिकते, पण या पत्रावर ती नव्हतीच. अजून हळहळ वाटते. तेव्हापासून स्पॅम रोज चाळते.

*

एका सकाळी ‘मेलर-डीमन’कडून, म्हणजे न पोचलेले मेल परत करणाऱ्या यंत्रणेकडून, दोनशेच्या वर मेल. मी न पाठवलेली पत्रं परत आली होती. मेलला पाकीटही असतं, आतल्या ‘फ्रॉम’हून वेगळं. त्या पाकिटावर परतीचा पत्ता म्हणून कुणी माझा पत्ता लिहिला, की न पोचलेलं सगळं माझ्या दारात. दोन दिवसांनी आपोआप थांबलं.

*

विषयाच्या जागी प्रश्नचिन्हं, ‘यूटीएफ-८’ आणि अगम्य अक्षरं दिसली म्हणून मी एक मेल पुसणार होते. तो शाळेतल्या मैत्रिणीचा निघाला. देवनागरी विषय हेडरमध्ये असाच सांकेतिक रूपात जातो.

*

माझा भाऊ मागच्या वर्षी गेला. चार महिन्यांनी त्याच्या नावाने मेल आला, आत एक लिंक. वरचे अनुभव वाचून आज तो पुन्हा उघडला. पत्ता त्याचाच, डीकिम पास, आणि आमच्या सर्व्हरने घेतलेल्या ओळीत त्याच्याच मेल कंपनीचा सर्व्हर. म्हणजे नुसतं नाव वापरलेलं नाही, त्याच्या खात्यातच कुणीतरी शिरलंय. त्याच्या यादीतल्या सगळ्यांना आता फोन करायला बसलोय. लिंक उघडू नका, एवढंच सांगायला. खातं बंद करण्याचा अर्ज वहिनीने संध्याकाळी भरला.